दहावीनंतरच्या सुट्टीत वाचलेलं: काय आवडलं, काय अर्धवट टाकलं

ढब्बू_मिरची

नमस्कार. दोन वर्षं इथे नुसती वाचते आहे, लिहायची ही पहिलीच वेळ. आयडी आत्याने काढून दिला, नावही तिनेच ठेवलं. हसायचं असेल तर तिला हसा.

दहावीचा शेवटचा पेपर झाला त्याच संध्याकाळी बाबांनी मला वाचनालयाचं कार्ड काढून दिलं. एका वेळी दोन पुस्तकं, पंधरा दिवसांची मुदत, उशीर झाला तर दिवसाला एक रुपया दंड. आठ आठवड्यांत एकवीस पुस्तकं घरी आली. बारा पूर्ण वाचली, सहा मधेच टाकली आणि तीन दोन-दोनदा वाचली. दंड आत्तापर्यंत नऊ रुपये.

पुस्तक आवडलं की नाही हे ठरवायची माझी एकच कसोटी आहे. वाचता वाचता मी खाली पानाचा आकडा बघितला की समजायचं, काम बिघडलं. पहिल्यांदा बघितला तर माफ. दहा पानांत तीनदा बघितला तर पुस्तक पिशवीत. 'एकदा हातात घेतलेलं पुस्तक संपवावं' असं आमच्या घरात सगळे म्हणतात. पण ते काही ताटातलं अन्न नाही. टाकलं तर वाया जात नाही, दुसरं कोणीतरी नेतं.

आता एकेक सांगते.

फास्टर फेणे. हा बाबांचा लाडका, म्हणून मी इतकी वर्षं नाक मुरडत होते. सुट्टीच्या पहिल्या आठवड्यात चार भाग वाचले. फुरसुंगीचा काडीपैलवान मुलगा पुण्याच्या विद्याभवनात येतो, सायकल हाणतो, काही लक्षात आलं की तोंडाने 'ट्टॉक' करतो आणि नको तिथे नाक खुपसतो. भा. रा. भागवतांची गोष्ट वाक्यागणिक पळते, वर्णनात बसून राहत नाही. आजच्या हिशोबाने बघितलं तर निम्म्या गोष्टी एका फोनने संपल्या असत्या. पण फोन नाही म्हणूनच त्याला स्वतः जावं लागतं, भिंत चढावी लागते, कोणाच्या तरी मागे लपावं लागतं. आमच्या पिढीतल्या मुलाला घेऊन अशी गोष्ट लिहायची तर आधी त्याच्या फोनची बॅटरी संपवावी लागेल. तक्रार एकच, माली मला अजून हवी होती. धावपळ सगळी पोरांच्याच वाट्याला.

प्रकाश नारायण संतांचं 'वनवास'. हे मी आठवीत दहाव्या पानावर टाकलं होतं, कारण त्यात काही 'घडतच' नव्हतं. या वेळी प्रीतिसंगमावर, घाटाच्या पायरीवर बसून वाचायला घेतलं आणि अंधार पडून अक्षर दिसेना तेव्हा उठले. पानाचा आकडा बघायचं लक्षातच आलं नाही. लंपन आजी-आजोबांकडे राहतो, बेळगावकडचं गाव, बोलण्यात मधेच कानडी. त्याला सगळं 'मॅड' वाटतं. कुठलीही गोष्ट त्याला नुसती 'खूप वेळा' करता येत नाही, एखाद्या भलत्याच नेमक्या आकड्याइतक्या वेळा ती होते. मी हल्ली घरी तसंच बोलते आणि आईला राग येतो. नंतर बाबांनी सांगितलं की हे लेखक आमच्या कराडातच कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे. दिवसभर दगड शिकवणारा माणूस संध्याकाळी घरी जाऊन दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या डोक्यात शिरतो, हे मला अजून नीट कळलेलं नाही. लंपनची चारही पुस्तकं वाचली. त्यातली दोन त्या 'दोन-दोनदा'मध्ये आहेत.

नारळीकर. 'यक्षांची देणगी'मधली 'उजव्या सोंडेचा गणपती' ही गोष्ट. ती वाचल्यावर मी प्रॅक्टिकलच्या जुन्या वहीचं पान उभं फाडलं, पट्टीला एक पीळ दिला आणि टोकं डिंकाने चिकटवली. मोबियसची पट्टी म्हणजे हीच. पेन्सिलने मधोमध रेघ ओढत गेलं की कागद न उलटता दोन्हीकडून फिरून पेन्सिल सुरुवातीलाच येते. मग त्या रेघेवरून कात्रीने कापली. धाकट्या भावाने पैज लावली होती की दोन कडी निघतील. एकच निघालं, दुप्पट लांबीचं. तो अर्धा तास गप्प होता, म्हणजे आमच्या घरात विक्रमच. विज्ञानाच्या पुस्तकाने हे का नाही करून दाखवलं, ते त्यालाच विचारा.

'पाडस'बद्दल खाली वेगळं लिहीन, कारण शेवट सांगितल्याशिवाय मला त्यावर बोलताच येत नाही.

आता टाकलेली सहा. तीन 'प्रेरणादायी', ती एका पाहुण्यांच्या शिफारशीने आणली होती. तिन्हींत एकच माणूस पहाटे चार वाजता उठतो. एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी, नाव घेत नाही, इथे मारामाऱ्या होतात हे मी दोन वर्षं बघते आहे. एक कवितासंग्रह, तो माझ्याच चुकीने, कारण मुखपृष्ठावर मांजर होतं.

आणि सहावं 'श्यामची आई'. हो. चौथीत असताना आजी रोज संध्याकाळी एक रात्र वाचायला लावायची आणि मग विचारायची, "यातून काय शिकलीस?" बेचाळीस रात्री, बेचाळीस उत्तरं. एकोणिसाव्या रात्रीपासून मी आदल्या दिवशीचंच उत्तर फिरवून द्यायला लागले. या सुट्टीत पुन्हा हातात घेतलं, तर चौथ्या पानावर डोक्यात तोच प्रश्न वाजला. ठेवून दिलं.

शाळेबद्दल एकच सांगते. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन असतो. आमच्या शाळेत त्या दिवशी काचेचं कपाट उघडायचे, प्रत्येकाच्या हातात एक पुस्तक द्यायचे, फोटो काढायचे आणि पुस्तकं मोजून पुन्हा कुलपात. सातवीत माझ्या हातात मधमाशीपालनाचं आलं होतं. खरं तर ते बरं वाटत होतं, राणीमाशीपर्यंत पोचले होते. तेवढ्यात घंटा झाली.

तर तुम्ही सुट्टीत काय वाचायचात, काय टाकलंत, ते लिहा. 'हे वाचायलाच हवं' अशा याद्या कृपया नकोत, त्या आत्याने आधीच तीन पाठवल्यात.

ओसरी

काय सुरेख लिहितेस ग! पानाच्या आकड्याची कसोटी तर मी चोरणार. आत्याचे आभार, नाव झकास आहे.

जुनं_बाड

रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी सवडीने लिहितो. 'श्यामची आई'बद्दल तर लिहिणारच.

तिरकस_रेघ

लिहिलंय बरं, पण सोळाव्या वर्षी फास्टर फेणे? ती पुस्तकं दहा-बाराच्या वयाची. या वयात जगातलं चांगलं इंग्रजी वाचायला हवं. मराठीत किशोरांसाठी आहेच काय? एक तर साठ वर्षांपूर्वीचं, नाही तर भाषांतर. ह. घ्या.

ढब्बू_मिरची

हलकंच घेतलं, काका. (काका आहात ना? आयडीवरून कळत नाही.) इंग्रजीही वाचते. हॅरी पॉटर तर दोन्ही भाषांत वाचलाय. मराठीत पहिल्या भागाच्या नावात चक्क 'परीस' आहे. तो शब्द बघितला आणि वाटलं, अरे, ही वस्तू आपल्याकडे होतीच की. भाषांतर म्हणून कमी का मानायचं? 'पाडस', 'चौघीजणी', 'तोत्तोचान' ही तिन्ही भाषांतरंच आहेत आणि तिन्ही मला मराठीतच आठवतात.

साठ वर्षांपूर्वीचं आहे हे मात्र खरं. माझ्या वयाच्या मुलीवर, आत्ताच्या, तालुक्याच्या गावातल्या, क्लासला एसटीने जाणाऱ्या, कोणी मराठीत लिहिलं असेल तर मला सांगा. ही यादी चालेल.

तिरकस_रेघ

काका नाही, दादा. पण शेवटच्या परिच्छेदाला +१. शोधून सांगतो.

खडूफळा

मी शिक्षिका आहे आणि त्या काचेच्या कपाटाची किल्ली माझ्याच पर्समध्ये असते, म्हणून जरा बाजू मांडते. ग्रंथालयाचा चार्ज ज्याच्याकडे, त्याच्या नावावर ती सगळी पुस्तकं असतात. दरवर्षी साठा मोजणी. एखादं पुस्तक कमी निघालं की भरपाई कोणी करायची? पहिल्या वर्षी मी मुलांना मोकळेपणाने पुस्तकं घरी दिली. वर्षअखेरीला अकरा पुस्तकं गायब होती आणि त्याचे पैसे माझ्या पगारातून गेले. दुसऱ्या वर्षीपासून कुलूप. अभिमानाने सांगत नाही, फक्त कुलूप लावणारा प्रत्येक जण वाचनाचा शत्रू नसतो एवढंच.

यावर मी काढलेला मार्ग म्हणजे साठ्यात नसलेली पुस्तकं. रद्दीवाल्याकडून 'किशोर'चे जुने अंक किलोवर आणते आणि वर्गातल्या खिडकीत ठेवते. नोंद नाही, सही नाही. हरवले तर हरवले. आश्चर्य म्हणजे हरवतात ते नेमके चांगले अंक, म्हणजे पोरांना पारख आहे. ज्यांना घरी हवेत त्यांच्यासाठी बालभारतीने 'किशोर'चे १९७१पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट ठेवलेत. पण खरं सांगू? फोनवर अंक उघडलेलं पोर तिसऱ्या मिनिटाला दुसरीकडेच असतं. खिडकीतला फाटका अंकच जास्त चालतो.

ढब्बू_मिरची

बाई, माफ करा, मला हे माहीत नव्हतं. पगारातून? आमच्या बाईंबद्दल पाच वर्षं काय काय बोललो आम्ही.

मनीमाऊची_आई

चांगला धागा. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, अजिबात वाचत नाही. घरात दोन कपाटं भरून पुस्तकं आहेत. रोज अर्धा तास वाचायचं असा नियम केलाय, तर घड्याळाकडे बघत बसतो. धागाकर्तीच्या वयाच्या मुलांनीच सांगा, तुम्हाला काय केलेलं आवडलं असतं?

ढब्बू_मिरची

मावशी, नियम काढून टाका. अर्धा तास झाला का हे घड्याळात बघणं आणि पानाचा आकडा बघणं एकच आहे.

माझ्या आत्याने काय केलं ते सांगते. मी तिसरीत असताना ती सुट्टीला आली होती. 'बोक्या सातबंडे' मोठ्याने वाचून दाखवायची. बोक्या भलत्याच भानगडीत अडकला, आता काय होणार, अशा जागी ती पुस्तक पालथं ठेवायची आणि "मला भाजी आणायची आहे" म्हणून निघून जायची. दोन दिवस मी वाट बघितली. तिसऱ्या दिवशी मीच उचललं. भाजी इतकी का लागते घरात, हे फार उशिरा कळलं.

आणि वाचून झाल्यावर काही विचारू नका. काहीच नाही. आवडलं का, हेही नको. आवडलं असेल तर तो तुम्हाला कंटाळा येईपर्यंत सांगेल.

मनीमाऊची_आई

भाजीची युक्ती आजच करते. धन्यवाद ग.

एडिसनकर

आमच्याकडची अडचण जरा वेगळी. मी न्यू जर्सीत, मुलगी अकरा वर्षांची. रविवारच्या मराठी शाळेत देवनागरी शिकली, वाचता येतं, पण सावकाश. तिच्या वयाची गोष्ट द्यावी तर एक पान वाचायला दहा मिनिटं लागतात आणि तोवर गोष्टीतली मजा उतरलेली असते. वाचायच्या वेगाला झेपेल असं द्यावं तर ते पाच वर्षांच्या मुलांचं, त्यात ससा आणि गाजर. तिला अपमान वाटतो.

शब्दांचं तर विचारूच नका. 'परसात रहाट होता' या तीन शब्दांच्या वाक्याला मला सात मिनिटं लागली, चित्र काढून. 'होता' तेवढं तिला येत होतं.

मग आम्ही मोठ्याने वाचणं सुरू केलं. डोळ्यांना जमत नाही ते कानाला जमतं. फास्टर फेणेच घेतला, कारण माझ्याकडे तोच होता, भारतातून येताना बॅगेत कपड्यांच्या मधे घालून आणलेले आठ भाग. आता ती गाडीत मागे बसून 'ट्टॉक' करते. गेल्या महिन्यात तिला पुढचं कळेपर्यंत धीर धरवेना, तेव्हा तिने स्वतः बोट ठेवून दीड पान वाचलं. मी स्वयंपाकघरात उभा राहून ऐकत होतो, आत गेलो नाही.

धागाकर्तीच्या आत्याला माझा नमस्कार सांगा.

जुनं_बाड

आलो. जरा मोठं होईल, संपादकांनी सांभाळून घ्यावं.

आमच्या लहानपणी, म्हणजे साठीचं दशक संपता संपता, गल्लीच्या तोंडाशी एकाने पानाच्या गादीमागे लायब्ररी थाटली होती. दिवसाला पाच पैसे. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार, काळा पहाड, धनंजय. त्या माणसाने हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या. संपतील ही भीतीच नव्हती. वडील मारायचे. 'चांदोबा' चालायचा, झुंजार नाही. म्हणून आम्ही चांदोबाच्या पोटात झुंजार घालून वाचायचो. एकदा वडिलांनी चांदोबा मागितला वेताळाची गोष्ट वाचायला, आणि हातात आला काळा पहाड. त्या संध्याकाळचं वर्णन करत नाही. पण आठ दिवसांनी रात्री उठलो, तर वडील कंदील बारीक करून काळा पहाड वाचत होते.

भागवतांबद्दल एक भर. फास्टर फेणे सगळ्यांना ठाऊक आहे, पण मला त्यांनी आधी दिला तो ज्यूल व्हर्न. 'चंद्रावर स्वारी' मी वाचली आणि थोड्याच दिवसांत, १९६९च्या जुलैत, माणसं खरंच चंद्रावर उतरली. आमच्या वर्गात मी असा वावरत होतो की जणू मला हे आधीच माहीत होतं.

आता 'श्यामची आई'. ढब्बूबाई, राग मानू नको, पण तुझ्या आजीच्या प्रश्नाची शिक्षा तू पुस्तकाला देते आहेस. साने गुरुजींनी ते १९३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. आई जाऊन कितीतरी वर्षं झालेली, माणूस गजाआड, आणि आठवतंय काय, तर कोकणातलं घर. हे लक्षात ठेवून वाच. आणि श्याम गुणी बाळ आहे हे तुला सांगितलं कोणी? तो भित्रा आहे, हट्टी आहे, चोरी करतो, खोटं बोलतो. मी तुझ्या वयाचा असताना मला त्यात आई दिसलीच नाही, मला तो लबाड श्याम दिसला आणि बरं वाटलं की माझ्यासारखाच कोणीतरी आहे.

रातकिडा

जुनं_बाड काकांच्या कंदिलाला सलाम.

धाग्यात भीती कुठे आहे? नारायण धारपांशिवाय सुट्टी कसली? मी सातवीत 'समर्थ' वाचले, आठवीत बाकीचे. दोन वर्षं रात्री मोरीत एकटा गेलो नाही. 'तुंबाड' सिनेमा लोक डोक्यावर घेतात, पण त्यातला एक भाग धारपांच्या 'आजी' या कथेवरून सुचलेला आहे, आणि मी ती कथा दुपारी दोन वाजता, भर उन्हात, गच्चीवर बसून वाचूनही घाबरलो होतो. संस्कार वगैरे राहू द्या. भ्यायला मिळणं हा पोरांचा हक्क आहे.

खडूफळा

हक्क मान्य, पण सरसकट सगळ्या पोरांना नको हो. माझ्या वर्गातली एक मुलगी भावाचं भुताचं पुस्तक वाचून महिनाभर झोपली नव्हती. कोणाला किती झेपतं ते बघावं लागतं.

रातकिडा

ते बरोबर. पण झेपलं नाही की पुस्तक मिटता येतं. सिनेमात भूत आपल्या वेगाने येतं, पुस्तकात तुम्ही पान उलटाल तेव्हाच.

ढब्बू_मिरची

रातकिडा दादा, एक कबुली देते. एकवीसमध्ये एक 'लुचाई' आहे. वर लिहिलं नाही कारण हा धागा आत्या वाचते आणि आत्याकडून आजीकडे सगळं जातं. आमच्या घरात भुताखेताची पुस्तकं बंद आहेत, दिवेलागणीनंतर तर नावही काढायचं नाही. मी भूगोलाच्या पुस्तकाचं खाकी कव्हर लेबलासकट काढून त्याला चढवलंय. आजी कौतुकाने शेजाऱ्यांना सांगते की निकाल लागायच्या आधीच पोरीने अकरावीचा अभ्यास सुरू केला.

आत्या, वाचत असशील तर गप्प राहा.

आता 'पाडस'. ज्यांनी वाचलं नाही त्यांनी इथून पुढचे दोन प्रतिसाद सोडावेत, शेवट फुटणार आहे.

अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या रानातलं कुटुंब. बापाला साप चावतो, विष उतरवायला एका हरिणीला मारून तिचं काळीज काढावं लागतं आणि तिचं पाडस उघडं पडतं. ज्योडी ते घरी आणतो. पुढे पाडस वाढतं आणि शेतातलं कोवळं पीक खायला लागतं. कुंपण उंच केलं तरी उडी मारून आत येतं. पीक गेलं तर वर्षभर खायचं काय? शेवटी गोळी घालावी लागते आणि शेवटची गोळी ज्योडीलाच घालावी लागते.

मला राग आला तो हा, की कोणाचीच चूक नाही. आई दुष्ट असती तर सोपं झालं असतं. मी शेवट वाचला, पुस्तक मिटलं आणि मागच्या गच्चीत जाऊन उभी राहिले. आईने विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही, कांदा. गच्चीत कांदा कुठला, तिने विचारलं नाही.

पुस्तकाच्या मागे तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते ना, त्यावर माझ्या आधीचा शिक्का तेरा वर्षांपूर्वीचा होता. तेरा वर्षं हे कपाटात नुसतं उभं होतं. दोन-दोनदा वाचलेल्यांतलं तिसरं हेच. दुसऱ्यांदा वाचताना शेवट माहीत होता, म्हणून अस्वलाच्या मागावरची पानं हळूहळू वाचली, पुढे जायला नको म्हणून. पानाचा आकडा त्या वेळी बघितला, पण उलट्या कारणासाठी, किती उरलीत ते बघायला. म्हणजे माझी कसोटी इथे बसत नाही. ती दुरुस्त करावी लागेल.

ओसरी

मी 'पाडस' बाळंतपणात वाचलं. राम पटवर्धनांनी ते मराठीत इतकं मुरवलंय की ज्योडी कोकणातला नाही हे मला मधेमधे आठवावं लागायचं. शेवटची वीस पानं नवऱ्याने लपवून ठेवली होती, चक्क पानं धाग्याने शिवून टाकली होती. "बाळ वर्षाचं झालं की उसवू" म्हणाला. उसवली मी आठव्या महिन्यात.

तिरकस_रेघ

शिवून?? हे आजच्या धाग्यातलं सर्वात भारी.

बाय द वे, वर विचारलेलं शोधतोय. माझ्या ओळखीत दोघं लहान मुलांसाठी लिहितात, दोघांनाही विचारलं. एक म्हणाला, तीन ते आठ वयासाठी चित्रांची पुस्तकं खपतात कारण ती आईबाप विकत घेतात. सोळा वर्षांच्या पोरीसाठी लिहिलं तर विकत कोण घेणार? तिच्याकडे पैसे नसतात आणि आईबाप गाईड घेतात. दुसऱ्याने फोन उचलला नाही.

जुनं_बाड

म्हणजे हिनेच लिहावं.

ढब्बू_मिरची

काका, काहीही. आधी निकाल लागू द्या.

(चार दिवसांनी)

निकाल अजून लागला नाही. वाचनालय सोमवारी बंद असतं म्हणून काल काही नवीन नव्हतं, तेव्हा जुनं_बाड काकांच्या सांगण्यावरून 'श्यामची आई' मधूनच उघडलं. पहिल्यापासून नाही वाचलं, कारण पहिल्या रात्रीपासून आजीचा आवाज सुरू होतो. पोहण्याची गोष्ट निघाली. श्याम विहिरीत उडी मारायला घाबरतो, घरात लपून बसतो आणि आई त्याला शिमटीने झोडपून बाहेर काढते. चौथीत याचं उत्तर मी 'धीट व्हावे' असं दिलं होतं. आता वाचलं तर दिसलं की मारून झाल्यावर आईलाच जास्त लागलंय, आणि श्यामला ते कळतंय. यावर आजीने काही विचारलं असतं तर मला उत्तर देता आलं नसतं. अजून पाच-सहा रात्री वाचेन म्हणते. संपवीनच असं कबूल करत नाही.

बाकी घरची बातमी वाईट आहे. 'लुचाई' सापडलं. आजीला डोळ्यांत घालायचे थेंब हवे होते, तिने टेबलावरचा भूगोल उचलून बाजूला ठेवला, तो उघडा पडला आणि पानावर नकाशा नव्हता. मला वाटलं आता कार्ड जाणार. संध्याकाळपर्यंत काहीच बोलली नाही. रात्री जेवताना फक्त विचारलं, "त्या वाड्यात पुढे काय होतं ग?"

मी म्हटलं, शेवट सांगू का? तर माझ्यावरच खेकसली. आज मुदत संपते. पुस्तक तिच्या उशीखाली आहे, खाकी कव्हरसकट, आणि ती म्हणते दंड भर, रोजचा रुपया मी देईन. मी विचारणार होते, यातून काय शिकलीस. धीर झाला नाही.